काळूबुवांच्या आवाजाची चांदीची वायर

किन्हवलीत सकुबाईच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे मिटलेले, हात जोडलेले. भजनी मंडळाच्या स्पीकरांतून काळूबुवा अभंग म्हणत होते. बुवा म्हणजे सकुबाईचा नवरा, गेल्या वर्षी वारलेला. मोबाइलवर कोणीतरी टिपलेला तेवढा एकच अभंग मागे राहिला होता.

"ही झाली साधी वायर," शहरातून वायरी विकायला आलेला भगीरथ म्हणाला. "आता चांदीची. तांब्यात वीज दमते, माउली. चांदीत ती नाचत येते!"

अभंग पुन्हा लागला.

"आरं देवा!" बुवांचा पखवाजवाला महिपत ओरडला. "बुवा शेजारी बसलाय जसा!"

सकुबाई रडत होती. "म्हैस देते धसईच्या व्यापाऱ्याला. पन ही वायर ठेवून जा."

म्हशीच्या दुधावरच तिचं घर चालायचं. तरी तिला कोणी अडवलं नाही.

मला आवाज जरा मोठा वाटला, एवढंच. गावाला येतो तो अनुभव मला येत नाही, हे नेहमीचंच. वाचनालयात पुस्तकं लावण्यात जन्म गेला. कान म्हातारे झाले असतील, नाहीतर मनच कोरडं. उठून जावंसं वाटलं. पण घरी तरी कोण होतं?

भजनाला डोळे मिटायची आमच्याकडे रीत आहे. मला ते जमत नाही, अवघडल्यासारखं होतं. म्हणूनच दिसलं: चांदीची वायर जोडल्यावर भगीरथनं आवाजाचं बटण हळूच वाढवलं होतं.

मी अडखळतच बोललो. "एक… विचारू का? बटणाला हात न लावता, वायरींवर घोंगडी टाकून ऐकलं तर? महिपत हवी ती जोडेल. आपण ओळखायची."

"आजोबा, श्रद्धा नसली की असंच होतं," भगीरथ हसला.

"जोडू दे की रे," महिपत म्हणाला. "चांदी घोंगडीखाली लाजते काय?"

अभंग लागला. "चांदीच!" सगळे म्हणाले, सकुबाईसुद्धा. घोंगडी काढली, तर साधी वायर; बटण मात्र मगाशी वाढवलं तिथंच. मग मी महिपतला खुणेनंच बटण खाली आणायला सांगितलं आणि त्यानं गुपचूप चांदीची जोडली. "ही साधी!" पडवी एका सुरात म्हणाली.

"तुमच्याकडची लाइटच खराब," भगीरथ वायर गुंडाळू लागला.

"मगाशी बरी होती ती?" महिपतनं विचारलं. पडवी हसली. भगीरथ निघून गेला.

तेच गाणं किंचित मोठं लागलं की कानाला ते जास्त स्वच्छ वाटतं. त्याची विद्या एवढीच. फुटका स्पीकर बदलला तर फरक पडतो, हे खरं. पण मोबाइलनं जे टिपलंच नाही, ते कितीही महागडी वायर कुठून आणणार?

माणसं पांगली. म्हैस गोठ्यातच राहिली. सकुबाई माझ्याकडे बघेना.

"भाऊ, तुमचं खरं असंल," ती म्हणाली. "पन मगाशी बुवा आला होता ओ. आता नाय येणार."

 बरं केलं की वाईट, मला कळेना. शेवटी तिला बटण दाखवलं. तिनं ते स्वतःच्या हातानं फिरवलं आणि भिंतीला टेकून ऐकत बसली.

मी एवढंच सांगेन. दुःखातल्या माणसाला प्रश्न सुचत नाहीत, आणि फसवणारा नेमका तेव्हाच दारात येतो. अशा वेळी शेजारच्यानं विचारावं. आवाज कापत असला तरी विचारावं.