धूर कुठून निघाला

गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी भूममधल्या मुजम्मिलच्या गॅरेजात रामकिसन यांच्या मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीत नळीने धूर सोडण्यात आला.

मोटारीत पंधरा दिवसांपासून पेट्रोलचा वास येत होता. रामकिसन यांची मुलगी सोनाली सात महिन्यांची गरोदर. मागच्या आठवड्यात ती तपासणीसाठी धाराशिवला निघाली आणि वासाने ओकून अर्ध्या वाटेतून परतली. रक्तदाब वाढलेला, एसटीचे धक्के नकोत, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आज दुपारी चारची वेळ पुन्हा मिळाली होती.

"टाकी फुटली असंल तर?" रामकिसन यांनी विचारलं.

"तर नवी यायला आठ दिवस, काका. पण आधीच कशाला रडायचं? पेट्रोलची वाफ जिथनं निसटती, तिथनंच हा धूर निघंल."

टॉर्च घेऊन मुजम्मिल मोटारीखाली शिरला. टाकी ठीक होती. नळ्या ठीक. वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबाही ठीक.

"अगं बया, हितनं निघाला की!" सोनालीची आई कडूबाई मागून ओरडल्या. पेट्रोल भरायच्या झाकणाच्या कडेने पांढरी रेघ वर चढत होती.

मुजम्मिलने झाकण काढलं. आतल्या रबरी कडीला आपट्याचं वाळकं पान चिकटलं होतं.

"काकू, गाडीला सोनं कुणी दिलं?"

कडूबाईंनी पान ओळखलं. "म्याच. दसऱ्याला. वर ठेवलं की वाऱ्यानं उडतंय. म्हटलं, गाडीचं तोंड तेच."

"आन् म्या पंधरा दिस टाकीला शिव्या घालतोय!" रामकिसन स्टुलावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"पुढच्या दसऱ्याला डिकीत ठेवा, काकू. तिला तोंड मोठं हाय," मुजम्मिल म्हणाला. पान त्याने कडूबाईंच्या हातात दिलं. रबरी कडी बदलली, झाकण घट्ट लावलं, पुन्हा धूर सोडला. पंधरा मिनिटं थांबूनही तो कुठूनच निघाला नाही.

दीड वाजता सोनाली काचा लावून मागच्या सीटवर बसली. मोटार निघाली.

चार वाजून पाच मिनिटांनी गॅरेजात सोबत गेलेल्या कडूबाईंचा धाराशिवहून फोन आला. "वास न्हाय आला, बाबा. पोरगी वाटभर झोपली."

दवाखान्यात सोनालीच्या आधी अजून दोघींचे नंबर होते. रक्तदाब मोजायचा बाकी होता.