भलत्या वेळी वाजलेला गजर

मित्रांनो, मी एक जुने गजराचे घड्याळ आहे. पोट गोल, डोक्यावर दोन वाट्या आणि आवाज असा की शेजारीसुद्धा उठून बसावेत!

मला घडवले कारखान्याने, पण वळण लावले एका बस ड्रायव्हरने. पहिली बस चुकू नये म्हणून तो मला कायम दहा मिनिटे पुढे ठेवी. "हे आहे म्हणून माझी नोकरी आहे," असे तो पाहुण्यांना सांगे, तेव्हा मी फुशारून जाई. तो निवृत्त झाला आणि माझी रवानगी कपाटात झाली. दोन वर्षे कुणी चावी दिली नाही. फार वाईट वाटले हो!

मग त्याच्या मुलीने, आमच्या ताईने, मला बाहेर काढले. चावी देताना वडिलांनी सवयीने मला पुन्हा दहा मिनिटे पुढे लावले. तिला शिक्षिका व्हायचे होते. दोन शाळांनी नकार दिला होता. तिसऱ्या शाळेत मोठ्या बाईंसमोर इंग्रजीचा एक तास घेऊन दाखवायचा होता. धड्यात शब्द होता 'इनॉपर्च्यून'. "गैरसोयीच्या वेळी घडणारे," असा अर्थ मुलांनी घडाघडा म्हटला, पण डोक्यात काही शिरले नव्हते. मुले वाचनात रंगली की मी भलत्या वेळी वाजायचे आणि त्यावरून अर्थ समजवायचा, असा ताईचा बेत होता. तिने वर्गातल्या घड्याळाकडे बघून साडेदहाचा गजर लावला आणि गडबडीत माझी दहा मिनिटे विसरली.

दहा वीसला मोठ्या बाई उठून म्हणाल्या, "वर्गात मला टाचणी पडलेली ऐकू आली पाहिजे..."

आणि मी ठणाणा सुरू केला!

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मला थांबता येईना. तेवढ्यात मागच्या बाकावरची मुलगी उठली. "बाई, हेच ना ते? इनॉपर्च्यून?"

वर्ग खो खो हसला. ताईही सावरली. "बरोबर! मग उशिरा येणं म्हणजे इनॉपर्च्यून का गं?"

"नाही बाई, तो नुसता उशीर. आजीचा फोन येतो ते मला आवडतं. पण मी तोंडाला साबण लावला की तेव्हाच येतो!"

"म्हणजे फोन वाईट नाही, वेळ अडचणीची," ताई म्हणाली. मग काय, हातच हात वर!

तास संपल्यावर ताईने कबूल केले, "ते चुकून वाजलं, बाई."

"कळलं हो मला. पण पुढचं तुम्ही चुकून नाही शिकवलंत. सोमवारपासून या." मोठ्या बाई हसू दाबत होत्या. माझा तर आनंद पोटात मावेना!

मित्रांनो, जुन्या घड्याळांना चावी देत जा. आणि घरात कुणी भलत्या वेळी काही सांगायला आले, तर लगेच 'गप्प बस' म्हणू नका. वेळ चुकली असेल त्याची. सांगायचे आहे ते ऐकून तर घ्या.