एकोणतीस घरं

त्या पत्राला नानांनी उत्तर दिलं नाही, त्याला आता एकेचाळीस वर्षं झाली होती. पत्र जेमतेम पाच ओळींचं. "तुमच्या भागातल्या चाळीस बायकांपैकी बऱ्याच जणी एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात. पाचला उठतात, दहाला निजतात. माणसं इतकी सारखी नसतात. ज्या घरी तुम्ही खरोखर गेलात, त्यांचे क्रमांक तेवढे कळवा. बाकीची मी गाळीन. तक्रार करणार नाही."

पत्र बाईंचं. गणितात पहिल्या आलेल्या, संख्याशास्त्र खात्यातल्या पहिल्या स्त्री अधिकारी. सगळं खातं त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. घरात राबणाऱ्या बायकांचे कामाचे तास त्यांना मोजायचे होते, तेही हजारो घरं पालथी न घालता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, आकड्यांच्या तक्त्यावरून थोडीच घरं निवडायची, पण निवडलेल्या घरी जायचंच. शेजारचं घर चालणार नाही, ही त्यांची पद्धत.

"चाळीस घरं म्हणजे काय हो बाई? आमच्या गल्लीतच साठ आहेत!" खात्यातले वरचे साहेब म्हणत.

"मग रक्त तपासायला तुम्ही सगळंच देऊन येता का, साहेब?"

नाना तेव्हा तेविशीतले, माहिती गोळा करायला घेतलेले हंगामी कर्मचारी. अनोळखी दार वाजवायचं म्हटलं की आधी गल्लीला दोन फेऱ्या होत. त्यातून बाईमाणसाला विचारायचं, तुम्ही झोपता किती वाजता? एकीने फाडकन विचारलं, "कशाला? तुम्ही येणार आहात का भांडी घासायला?" शेजारणी खदखदल्या. अशी अकरा घरं नानांनी कशीबशी उरकली. मग ते सरळ वाचनालयात जाऊन बसले आणि उरलेले एकोणतीस फॉर्म स्वतःच्या आईला डोळ्यांसमोर आणून भरले. कुठे दहा मिनिटं इकडे, कुठे तिकडे.

कुठले फॉर्म खोटे असावेत याचा अंदाज बाईंना होता. पण नुसत्या संशयावरून आकडे गाळणं त्यांच्या लेखी लबाडीच. नानांचं उत्तर येईना, तेव्हा त्यांनी अख्खा भाग गाळला. अहवाल तपासणाऱ्या समितीने त्या एका उणिवेवरून पद्धतच लंगडी ठरवली. बाईंची रवानगी प्रशिक्षण विभागात झाली, ती निवृत्तीपर्यंत. नाना मात्र खात्याच्या ग्रंथालयात कायम झाले. बाई दर आठवड्याला तिथे येत, पुस्तक घेत, सही करत. त्या विषयाला एकदाही तोंड फुटलं नाही. त्यांनी साधं "काय म्हणता?" विचारलं तरी नाना रजिस्टरात डोकं घालत.

आणि आज बाईंच्या जुन्या अहवालांचं पुस्तक आलं. खात्याने जुन्या मंडळींना पाठवलेलं. प्रस्तावनेत लिहिलं होतं, "त्या भागातली उत्तरं इतकी सारखी आली, त्याचा दोष पुराव्याशिवाय मी कुणाला देणार नाही; घरांच्या निवडीत माझीच काही चूक झाली असावी. ती मला अजून सापडलेली नाही."

म्हणजे शोधत होत्या अजून. ऐंशी उलटल्यावरही.

"अहो, चहाचं पाणी झालं. काय एवढं वाचताय?" बायकोने विचारलं.

नानांनी पहिल्यांदाच सगळं सांगितलं.

"एकोणतीस बायका मनानेच केल्यात? आणि मी आपली समजत होते, तुम्ही एकीवरच भागवलंत." मग तिचं हसू ओसरलं. "पण बरं नाही केलंत. लिहा त्यांना."

"आता कुठल्या तोंडाने माफी मागू?"

"माफीचं मागाहून बघा. त्यांनी काय मागितलं होतं? घरांचे नंबर. ते द्या आधी."

पुस्तकाच्या शेवटी निवडलेल्या घरांची यादी होती, क्रमांक आणि गल्लीसकट. शिंप्याचं घर, बहिऱ्या म्हातारीचं, भांड्यांवरून टोमणा मारणारीचं, असे नऊ क्रमांक त्यांनी ओळखले. उरलेली दोन काही केल्या आठवेनात. एका आकड्यापाशी पेन घुटमळलं. 'हेच बहुधा' असं वाटलं. अकरा पुरे भरले तर दिसायलाही बरं. नानांनी पेन उचललं आणि खाली लिहिलं, "आणखी दोन घरी गेलो होतो, ती आठवत नाहीत. अंदाजाने लिहीत नाही. चूक तुमच्या निवडीत नव्हती. बाकीच्या घरी मी गेलोच नव्हतो."

पोस्टातल्या मुलीने पाकीट उलटसुलट केलं. "आजोबा, पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता?"

"हवाच का?"

"रजिस्टर करायचंय ना? मग हवा."

नानांनी पाकीट आपल्याकडे ओढून घेतलं. मग काउंटरवर वाकून, अक्षर लागेल अशा बेताने, त्यांनी पूर्ण नाव आणि पत्ता लिहिला. मुलीने शिक्का मारला.