काळी ढेप

"ह्यो रंग कुनी टाकला?"

अशोकअण्णांनी विचारलं तेव्हा वाफ्यात निवायला ओतलेला गूळ अजून वाफाळत होता. पिवळाधमक. मी चुलवाणात चिपाडं सारत होतो, तो तसाच थांबलो. कुमुदवहिनींनी काही मान वर केली नाही.

"मी टाकला. चिमूटभर. हितं समदीच टाकत्यात."

"मला इचारलं न्हाईस."

"इचारून तुमी व्हय म्हनला असता?"

अण्णा आमच्या शिरोळकडचे. सारा जन्म फरीदाबादच्या कारखान्यात काढला आणि रिटायर झाल्यावर गावाकडं जायचं सोडून यमुनेकाठी थोडी जमीन कसायला घेतली. ऊस लावला, आपल्याकडच्या पद्धतीनं गुऱ्हाळ घातलं. मी त्याच कारखान्यातला, सुट्टीला हात लावायला जातो. जानेवारीतलं धुकं असं की चुलवाणाजवळ बसलं तर उसाचा फड दिसत नाही. पाठ गारठते आणि तोंड भाजतं. एवढं करून गूळ उतरतो काळपट. माती नदीची, तिला काय सांगणार? तोंडात घातला तर नुसती साय, पण गिऱ्हाईक लांबूनच बघून पुढं जातं. गेल्या साली निम्मा गूळ गावातल्या म्हशींनी खाल्ला.

रंगाची पूड घातली की प्रश्नच मिटतो, हे अण्णांनाही ठाऊक होतं. पण पूर्वी नावाची त्यांची नात, नोएडातल्या लेकीची, स्वरूपाची पोरगी. रंगीत गोळ्या खाल्ल्या की तिच्या अंगभर गांधी उठायच्या. डॉक्टर म्हणाले, रंगामुळं असेल, नक्की सांगता येत नाही, बंद करून बघा. बंद केल्या आणि पोरगी रात्रीची झोपायला लागली. त्या दिवसापासून अण्णांनी रंगाचं नाव टाकलं.

"डागदर आसंल म्हनला," वहिनी म्हणाल्या. "आसंल म्हंजी नसंल बी. गाडीवरची जिलेबी खाऊन कोन मेलं का हितं?"

"मरायलाच पायजे व्हय? पोरगी रातभर खाजवत बसती ती दिसत न्हाई?"

"मग आपल्या पोरीला न्हाई द्यायचा. झालं."

भांडायचं त्राण दोघांतही उरलं नव्हतं. त्यातून आज दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सुनेत्राबाई यायच्या होत्या. तिथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला तिळगुळासाठी गूळ त्या बघणार होत्या. त्यांनी घेतला तर दिल्लीतली मराठी घरं आपसूक येणार. नाही घेतला तर चुलवाण कायमचं विझवायचं आणि लेकीकडं जाऊन राहायचं, असं वहिनींनी बजावलं होतं आणि अण्णांनी ते कबूल केलं होतं.

गाडी आली. सुनेत्राबाईंबरोबर स्वरूपा आणि पूर्वीही उतरल्या. पाटावर दोन ढेपी मांडल्या होत्या, कालची काळी आणि आजची पिवळी, अजून कोमट.

"अच्छा, काय सुंदर कलर आलाय हो," बाई म्हणाल्या. "आम्हाला बिल्कुल नॅचरलच हवाय, काय आहे, मुलं खाणार. आणि हा काळा? करपला का?"

अण्णांनी तोंड उघडलं. वहिनींनी त्यांच्याकडं बघितलं, फार थकलेलं बघणं होतं ते. अण्णा बादली उचलून उगाच विहिरीकडं गेले. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

गुऱ्हाळावर आलेल्या माणसाच्या हातावर गुळाचा खडा ठेवल्याशिवाय त्याला जाऊ द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. वहिनींनी पिवळ्या ढेपीचा तुकडा मोडून बाईंच्या हातावर ठेवला. लगेच पूर्वीनं ओंजळ पुढं केली.

"आज्जी, मला पण."

वहिनींचा हात सवयीनं पिवळ्याकडं गेला. तिथंच थांबला. मग त्यांनी काळ्या ढेपीचा खडा फोडला.

"मुझे येलोवाला चाहिए."

"न्हाई बाळा. तुला ह्योच."

सुनेत्राबाईंचं चघळणं थांबलं. "का हो? तिला काळा आणि मला पिवळा?"

वहिनी तिथंच जमिनीवर बसल्या.

"रंग हाय त्यात, बाई. पोरीला सोसत न्हाई. मीच घातलाय, ह्येंचा काय दोस न्हाई."

बाईंनी तोंडातला गूळ रुमालात काढला. आता ताडताड बोलणार म्हणून मी मान खाली घातली. पण त्यांनी दोन्ही ढेपींकडं आळीपाळीनं बघितलं.

"असं करा," त्या म्हणाल्या. "मंडळाला पिवळाच द्या. काळे लाडू ठेवले तर लोक मलाच नावं ठेवतील. एका दिवसानं काय होतंय? आणि ही काळी ढेप माझ्या घरी द्या. माझाही नातू लहान आहे."

अण्णा बादली घेऊन परत आले होते. त्यांनी सगळं ऐकलं.

"पिवळा इकायचा न्हाई," ते म्हणाले.

"मग मंडळाचं अवघड आहे हो."

"ऱ्हाऊ द्या."

काळी ढेप डिकीत घालून बाई गेल्या. स्वरूपा पोरीला घेऊन खाटेवर बसली. वहिनींनी पिवळा गूळ पाटीत भरला आणि बांधाकडच्या खड्ड्यात नेऊन ओतला. वर मातीही लोटली, म्हशीनं तोंड घालू नये म्हणून.

बोलल्याप्रमाणं आता चुलवाण कायमचं विझवायचं, असं धरून मी चुलवाणातली चिपाडं मागं ओढायला लागलो. तेवढ्यात वहिनी राखेनं रस कढवायची काहील घासताना दिसल्या. कडेचा पिवळा डाग निघत नव्हता, त्या घासतच होत्या.

"चिपाडं का वडतासा, भावजी?" मान वर न करता त्या म्हणाल्या. "रस पडून हाय न्हवं?"

"काळाच हुईल की गं," अण्णा म्हणाले.

"हुंदे."

मी चिपाडं परत आत सारली.