तीन बोटं तोकडी

मित्रांनो, जरा लांबूनच बोला. हातात चाकू नाही ना? राग मानू नका. मी एक जुनी मापकाठी आहे आणि दुधाने तोंड पोळल्यामुळे ताकही फुंकून पिते.

तलावावरच्या एका म्हाताऱ्या कोळ्याने मला चिवट लाकडातून घडवलं. होडीच्या फळीत माझ्यापुरती खाच कोरली. तीत मी इतकी घट्ट बसायची, की काढायला नख लावावं लागे. जाळ्यातला प्रत्येक मासा माझ्याशेजारी ठेवला जाई. माझ्याहून आखूड असेल तो परत पाण्यात. "एकदा तरी अंडी घालू दे, मग आपलाच आहे," म्हातारा म्हणे.

म्हातारा गेला, होडी मुलाकडे आली. एके वर्षी मासे नखभर तोकडे भरू लागले. मुलाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला मुळीच आवडली नाही. "एवढ्याशासाठी कशाला सोडायचे?" म्हणत त्याने माझं टोक उडवलं. त्या दिवशी टोपली भरली. काठावरचे म्हणाले, "वा, बापाचं नाव राखलंस!" माझ्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली.

पुढे मासे आणखी लहान, म्हणून मी आणखी लहान. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

यंदा टोपलीचा तळही झाकेना. त्याने पुन्हा चाकू काढला. सोबत त्याची लहान मुलगी होती.

"बाबा, ही खाचेत खडखडते का?"

"जुनी झाली. झिजली असेल."

लबाड कुठला!

पोरीने मला खाचेत ठेवलं आणि उरलेल्या जागेत बोटं आडवी घातली. तीन मावली. "एकाच टोकाने कशी झिजली?"

त्याने खाचेतल्या रिकाम्या जागेवरून अंगठा फिरवला. "झिजली नाही गं. मीच कापली." त्याने चाकू मिटला. "आण तुझा हात."

मी आणि तिची तीन बोटं, असं माप धरून त्याने एकेक मासा मोजला. एकही पुरा भरला नाही. सगळे पाण्यात सोडून बापलेक रिकाम्या टोपलीने घरी गेले.

आता रोज असंच मोजतात. कधी दोन मासे मिळतात, कधी एकही नाही. चाकू अजून त्याच्या खिशात आहे, त्यामुळे माझं लक्ष तिकडेच असतं. पण पोरीची बोटं दरवर्षी जाड होणार, म्हणजे माप घटणार नाही, वाढेलच, हेही मी हेरून ठेवलं आहे.

मित्रांनो, तुम्हालाही कधी काही कमी पडेल. तेव्हा माप कापायला धावू नका. आधी खाचेत बोटं घालून बघा.