एका बाहीचा स्वेटर

छापून निघालेल्या प्रत्येक गोष्टीची एक प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात द्यावी, असा कायदा आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर थोर ग्रंथ असणार. पण कायदा काही निवडून घेत नाही. त्यामुळे थोर ग्रंथांच्या मांडीला मांडी लावून तिथे बियाण्यांची पाकिटं, बसची जुनी वेळापत्रकं आणि साबणाची वेष्टनंसुद्धा ऐटीत बसली आहेत.

शिडीला हे कळलं ते खोकल्यामुळे. खोकला तिचा नव्हे, ग्रंथपालबाईंचा. शिडी औषधांच्या दुकानात कामाला होती आणि हात एवढे लांब, की सगळ्यात वरच्या फळीवरची बाटली स्टुलाविना काढायची. दादाने लहानपणी ठेवलेलं नाव जन्माला चिकटलं. खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक.

"एवढी पुस्तकांची धूळ खाता, खोकला होणार नाही तर काय!" बाटली काढता काढता ती म्हणाली.

"पुस्तकं कुठली गं! सध्या विणकामाच्या पत्रकांची खोकी लावतेय. लोकरीच्या कंपन्या नमुने छापायच्या ना, ती."

शिडीचा हात फळीवरच थबकला.

तिच्या घरी एक स्वेटर होता. गडद निळा, एकाच बाहीचा. दुसरी बाही घ्यायच्या आधीच आई गेली. तिच्या वस्तूंची वाटणी झाली तेव्हा दादाला घड्याळ मिळालं, मावशीला कानातले, आणि शाळकरी शिडीला "तू लहान आहेस, हरवशील" हे वाक्य मिळालं. ते मात्र तिने अजून हरवलेलं नाही.

स्वेटर बाबांनी ठेवून घेतला. "माझ्यासाठीच विणत होती," म्हणायचे. छातीत तंग दिसतो, असं कुणी म्हटलंच तर, "तिचा हात घट्ट होता. धुतला की सैल पडेल." धुतला कधीच नाही. कपाटात घडी करून ठेवला आणि कुणाला हात लावू दिला नाही. शिडीने तर लांबूनच पाहिला, आधी धाकाने, मग सवयीने.

गेल्या हिवाळ्यात बाबाही गेले. दादाने फोनवरच निकाल लावला. "स्वेटर माझ्याकडे राहू दे, बाबांची आठवण म्हणून. तेवढी बाही तू विणून दे, शिडे. तुझा हात आईवर गेलाय."

"हात माझा आणि स्वेटर तुझा?"

"अगं, बाबांचा स्वेटर तू घेऊन काय करणार?"

'बाबांचा' म्हटल्यावर तिचा हक्कच संपला. निदान आईच्या हातून राहिलेलं आपल्या हातून पुरं होईल, एवढ्यावर तिने समाधान मानलं. म्हणजे मानून पाहिलं.

समोरची बाही बघून विणणं दिसतं तितकं सोपं नसतं. खांद्याच्या गोलाईत आईने टाके कुठे कमी केले, ते आवळून बसलेल्या जुन्या लोकरीत दिसेना. विणली, उसवली, पुन्हा विणली, पुन्हा उसवली. लोकर विरायला लागली. आता नमुन्याचं पत्रक मिळालं तरच. उरलेल्या गुंड्यावरची कंपनीची पट्टी तिने ग्रंथपालबाईंना दिली, आणि बाईंनी खोकत खोकत पत्रक शोधून काढलं.

सुट्टीच्या दिवशी शिडी स्वेटर घेऊन ग्रंथालयाच्या दारात उभी राहिली.

"हे आत नाही चालणार," पहारेकरी म्हणाला. "पिशवी, कोट, सुटे कपडे, सगळं लॉकरमध्ये."

"अहो, पत्रकाशी ताडून बघायचंय."

"नियम आहे, ताई. अंगावर असेल तेवढंच आत."

"मग अंगावर घालते."

"एकाच बाहीचा?" त्याने मिशीतलं हसू मिशीतच ठेवलं. "घाला. दोन बाह्या हव्यात, असा काही नियम नाही."

कोट लॉकरमध्ये गेला. शिडीने स्वेटर डोक्यावरून ओढला.

वाचनकक्षात बाईंनी पत्रक समोर ठेवलं. मुखपृष्ठावर टोपली घेतलेली एक बाई हसत होती.

"बायकांचा आहे की गं हा!"

"बाबांसाठी फेरफार केला असेल," शिडी म्हणाली.

"असेल बाई. पण तुला बसलाय मात्र माप घेऊन शिवल्यासारखा."

शिडीने पेन्सिलने टाके उतरवायला घेतले. खांदा जुळला, गोलाई जुळली. कोपराखाली मात्र गणित फसलं. पत्रकातली बाही जिथे संपत होती, तिथून आईची पुढे चाललीच होती. नक्षीची एक आख्खी वेल जास्तीची. शिडीने हात सरळ करून पाहिला. जन्मभर तयार कपड्यांच्या बाह्या तिला मनगटाच्या अलीकडेच सोडून जात. ही थेट मनगटाच्या हाडावर येऊन थांबली होती.

बाबांचे हात आखूड. त्यांच्या शर्टाच्या बाह्या कायम दुमडलेल्या.

आजारपणात आई तिला पलंगाशी बोलवायची आणि दंडापासून खाली वीत वीत मोजत यायची. गुदगुल्यांचा खेळ वाटायचा तो. "आत्ताच एवढे, मोठेपणी कुठवर जातील गं? तयार कपड्यांत तुझा निभाव नाही लागायचा." शिडी हसून हात ओढून घ्यायची. खेळायला जायची घाई असायची. थोडा वेळ आणखी दिला असता हात, तर काय बिघडलं असतं?

"काय झालं? माप चुकलंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही हो," शिडी म्हणाली. "बरोबर आहे."

बाहेर पायऱ्यांवर येऊन तिने फोन लावला. "दादा, स्वेटर बाबांचा नव्हता."

"मग कुणाचा?"

"अंगात घालून उभी आहे."

"बाही कुठवर येते?"

"मनगटापर्यंत."

शिडी हे नाव त्यानेच ठेवलेलं. त्याला आणखी सांगावं लागलं नाही. "म्हणजे बाबा खोटं बोलले," तो म्हणाला.

"त्यांना तरी वाटणीत काय मिळालं होतं, दादा?"

तो खाकरला. "दुसरी बाही नीट विण. उगाच घाई करशील."

"घाई कसली आता."

वारा बोचरा होता. तरी कोट तिने अंगात घातला नाही, खांद्यावर टाकला. उघड्या हाताचं मनगट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं आणि ती बसथांब्याकडे चालू लागली.