पुण्याला चांगलंच पाठवावं

पुण्यात विश्रांतवाडीच्या प्रयोगशाळेत तरन्नुमने नमुन्याची चाळिसावी डबी तपासली आणि कपाळाला हात लावला. चाळीस घरांतली चाळीस माणसं, आणि पाण्यातून होणारे जंत एकाच्याही शौचात नाहीत! ओढ्याचं पाणी पिणाऱ्या गावाला हे शोभत नव्हतं. शेजारच्या गावात चाळिसांत सव्वीस निघाले होते. शिवाय चाळीसही डब्यांत टोमॅटोचं तेच साल.

निम्म्याहून जास्त माणसांना लागण निघाली, तरच गावाला पाणी शुद्ध करायचं यंत्र मिळणार होतं. यादी शुक्रवारी बंद, आज बुधवार.

तिने गावच्या आशा सेविका मथुराबाईंना फोन लावला.

"मथुराबाई, अख्ख्या गावात पोट एकच आहे का?"

"भीमरावांचं हाय, म्याडम. कावीळ झाल्यापास्नं उकळलेलंच पानी पितात. त्यांच्यावानी पोट गावात न्हाई."

"चाळीसही डब्या त्यांच्याच?"

"दोन दिस लागले त्यांना." आवाजात कौतुकच होतं. "पुण्याला पाठवायचं म्हनल्यावर चांगलंच पाठवावं ना? मंडईच्या क्रेटात किडका टोमॅटो वर लावतो का आमी?"

"अहो, मला किडकाच हवाय! तुमच्या नातीला, सोनूला, तीन महिने जुलाब होतायत ना?"

"म्हनून तर यंत्र पायजे."

"आणि ठणठणीत गावाला ते देणार कोण?"

"डब्या हायेत अजून चाळीस," म्हणत मथुराबाईंनी फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी मथुराबाई एसटीने स्वतःच आल्या. पिशवीत चाळीस डब्या, प्रत्येकीवर वेगळं नाव. "लई शिव्या खाल्ल्या," एवढंच म्हणून बाकावर बसल्या. तरन्नुमने जेवण टाळून चारपर्यंत सगळ्या संपवल्या. एकतीस निघाले.

"सोनू?"

"आहे."

"आन मी?"

"तुम्हीही."

मथुराबाईंनी यंत्राच्या अर्जाकडे बोट केलं. "लिवा मग. फकस्त गावाचं नाव नका लिवू. पोरांची लग्नं जमायचीत."

तरन्नुमने पेन आपटलं. "मग यंत्र कुठे उतरवू? येरवड्याला?"

मथुराबाईंनी तेच पेन उचललं, अर्ज पुढ्यात ओढला आणि गावाचं नाव आपल्या नोंदवहीतल्यासारख्या गोल, ठसठशीत अक्षरात लिहिलं. तालुकाही घातला.

"आता सोनूच्या तपासणीचा कागद द्या," त्या म्हणाल्या. "यंत्र यील तवा यील. साडेपाचच्या गाडीआधी डाक्टरला दावते."